पाणी होतं, वैरण नव्हती

केनियातल्या अंबोसेली नॅशनल पार्कच्या गेटातून आत शिरलो आणि गाडीत आधी वास आला. मग रस्त्याकडेला झेब्रे दिसू लागले. कातडी वाळून बरगड्यांवर ताणलेली, पट्टे मात्र जसेच्या तसे. २०२२चा ऑक्टोबर. केनियात सलग चार पावसाळे कोरडे गेले होते. टूर लीडर म्हणून माझं काम मंडळींना हत्ती आणि त्यांच्यामागचा किलिमांजारो दाखवायचं. त्या दिवशी कॅमेरे बराच वेळ मांडीवरच राहिले.

मागच्या सीटवर सांगोल्याच्या एक काकू होत्या. समोर एन्कोंगो नारोकची दलदल आणि पोटापर्यंत पाण्यात शिरलेले हत्ती. काकू म्हणाल्या, "अहो, पाणी तर हाय की हितं. मग जनावरं मरत्यात कशानं?"

अख्ख्या गाडीत नेमका प्रश्न त्यांनीच विचारला. किलिमांजारोवर पडलेलं पाणी ज्वालामुखीच्या खडकात मुरतं आणि इथे झऱ्यांतून वर येतं, म्हणून ही दलदल दुष्काळातही आटत नाही. मग चहूकडची जनावरं इथेच येऊन थडकतात आणि आसपासचं गवत मुळापर्यंत खरवडतात. पाणी इथे, चारा कुठेतरी लांब. ये-जा करण्यातच अंगातलं उरलंसुरलं बळ जातं. त्यात इथल्या मासाई पशुपालकांची गुरं. त्यांना दोष देणारे पुष्कळ भेटतात, पण त्यांचेही कळपच्या कळप मेले होते.

"म्हंजे वैरण नाही म्हणा की," काकू म्हणाल्या.

पुढे एक झेब्रा मादी बसली होती. पुढचे पाय रोवून उठू पाहायची, मागचा भाग काही उचलेना. आयाळ एका बाजूला कलंडलेली. एरवी ती ब्रशसारखी ताठ असते. मानेवरची चरबी झडली की अशी पडते, असं आमच्या ड्रायव्हरनं सांगितलं. "ही आता उठायची नाही," हेही त्यानंच सांगितलं. एका काकांनी डब्यातलं केळं काढलं. मी थांबवलं, पार्कात काही खायला घालायला बंदी आहे.

काकू भडकल्या. "आमच्याकडं छावणी तरी काढत्यात!"

उत्तर माझ्याकडे होतं. उत्तरेत साम्बुरूच्या बाजूला ग्रेव्हीज या वेगळ्या जातीच्या झेब्र्यांसाठी वाळलेलं गवत टाकत होते, कारण ते जगात जेमतेम तीन हजार उरलेत. हा पडला साधा झेब्रा, त्याच्यासाठी कोण छावणी काढणार? हिशेब मला आजही पटतो. त्या झेब्रा मादीसमोर गाडीत बसून तो समजावून सांगताना मात्र जीभ जड झाली.

तरसं तेवढी गुबगुबीत होती. एक तर रस्त्यातच आडवं पसरलेलं, गाडी जवळ आली तरी हलेना. शेवटी ड्रायव्हरनंच वळसा घातला.

नोव्हेंबरच्या सुरुवातीला केनियाच्या पर्यटन मंत्रालयानं देशभरातले आकडे जाहीर केले. फेब्रुवारी ते ऑक्टोबरमध्ये २०५ हत्ती, ५१२ विल्डबीस्ट, ३८१ साधे झेब्रे. तेही फक्त मोजणीत सापडलेले; तरसांनी फस्त केलेले कोण मोजणार?

दुष्काळ असला तर प्राणी दिसतील का, असं बुकिंग करताना लोक हमखास विचारतात. दिसतात. आडोशाला गवतच नसतं, त्यामुळे नेहमीपेक्षा जास्तच दिसतात, हे मी सांगून टाकतो.