शेवटचा सैनिक गेल्यानंतर

अफगाणिस्तानातून दोन महासत्तांनी आपापल्या फौजा काढून घेतल्या, आणि दोन्ही वेळा जगाच्या लक्षात राहिले ते शेवटच्या माणसाचे छायाचित्र. १५ फेब्रुवारी १९८९ रोजी सोव्हिएत चाळिसाव्या सैन्याचे सेनापती जनरल बोरिस ग्रोमोव्ह अफगाण-सोव्हिएत सीमेवरच्या अमू दर्या नदीवरचा मैत्री पूल पायी ओलांडून गेले. ३० ऑगस्ट २०२१ च्या रात्री अमेरिकेचे मेजर जनरल ख्रिस डोनाह्यू काबूलहून विमानात चढले. पहिली माघार शिस्तीची आणि दुसरी गोंधळाची, अशी वाटणी सर्रास केली जाते. मला मात्र ती फार वरवरची वाटते.

दोन्ही माघारींचे करार आधी पाहावेत. १४ एप्रिल १९८८ च्या जिनिव्हा करारावर अफगाणिस्तान आणि पाकिस्तान यांनी सह्या केल्या, सोव्हिएत संघ आणि अमेरिका हमीदार झाले; सोव्हिएत फौजांशी प्रत्यक्ष लढणारे बंडखोर, म्हणजे मुजाहिदीन, मात्र त्यात नव्हतेच. २९ फेब्रुवारी २०२० चा दोहा करार अमेरिका आणि तालिबान यांच्यात झाला आणि त्यात काबूलचे सरकार नव्हते. म्हणजे एकदा बंडखोरांना वगळून आणि एकदा सरकारला वगळून, जाणाऱ्याने आपल्या जाण्यापुरता कागद तयार केला. (बायडेन यांनी संपूर्ण माघारीची घोषणा केली तीही १४ एप्रिललाच, २०२१ मध्ये, हा निव्वळ योगायोग, पण नोंदवावासा वाटला.)

सोव्हिएत फौज गेल्यावर काबूलमधले मॉस्कोधार्जिणे अध्यक्ष नजीबुल्ला यांचे सरकार काही महिन्यांतच कोसळेल, असा बहुतेकांचा होरा होता. प्रत्यक्षात मार्च १९८९ मध्ये मुजाहिदीनांनी जलालाबादवर केलेला मोठा हल्ला त्या सरकारच्या सैन्याने परतवला आणि ते सरकार पुढे तीन वर्षे टिकले. याचे कारण पुलावरच्या शिस्तबद्ध संचलनात नाही. सैनिक परतले तरी इंधन, धान्य, दारूगोळा आणि पैसा मॉस्कोहून येतच राहिला, आणि अब्दुल रशीद दोस्तम यांच्यासारख्या सरदारांच्या निष्ठा त्याच पैशावर तगून होत्या. सप्टेंबर १९९१ मध्ये दोन्ही महासत्तांनी आपापल्या बाजूचा शस्त्रपुरवठा १ जानेवारी १९९२ पासून थांबवण्याचे ठरवले, सोव्हिएत संघच विसर्जित झाला, दोस्तम उलटले आणि एप्रिलमध्ये काबूल पडले. फौज १९८९ मध्ये गेली. माघार खऱ्या अर्थाने पूर्ण झाली ती १९९२ मध्ये.

अमेरिकेच्या बाबतीत फौज जाणे आणि आधार संपणे या दोन गोष्टी एकाच उन्हाळ्यात घडल्या. अफगाण सैन्य उभे करतानाच ते विमानांवर विसंबून राहील असे घडवले गेले होते. डोंगराळ भागातल्या एकाकी चौक्यांना रसद पोहोचवणे आणि जखमींना हलवणे हे सारे हवाई मार्गाने चाले, आणि त्या विमानांची देखभाल परदेशी कंत्राटदारांच्या हाती होती. सैन्याबरोबर हे कंत्राटदारही निघून गेले. जुलैच्या आरंभी काबूलजवळचा अमेरिकेचा बगराम हवाई तळ रिकामा झाला आणि १५ ऑगस्टला तालिबान काबूलमध्ये शिरले. अफगाण सैनिक लढलेच नाहीत, हा आरोप म्हणूनच मला अन्यायकारक वाटतो. नेतृत्वाचा भ्रष्टाचार खरा होता, परंतु दारूगोळा आणि मदत येण्याची आशा नसलेल्या चौकीने शरण जाणे म्हणजे भ्याडपणा नव्हे.

व्यवस्थित म्हटल्या जाणाऱ्या सोव्हिएत माघारीतही, जानेवारी १९८९ मध्ये, परतीची वाट सुरक्षित ठेवण्याच्या नावाखाली काबूलहून उत्तरेकडे जाणाऱ्या सालांग मार्गालगतच्या गावांवर जोरदार मारा झाला होता. पुलावरच्या छायाचित्रात ती गावे नाहीत, आणि मागे राहिलेले सोव्हिएत युद्धकैदीही नाहीत.

परक्या फौजेच्या आधाराने उभे राहिलेल्यांना परतायला पलीकडचा किनारा नसतो. एप्रिल १९९२ मध्ये नजीबुल्ला संयुक्त राष्ट्रांच्या विमानाने देश सोडायला निघाले, तेव्हा दोस्तम यांच्या माणसांनी त्यांना काबूल विमानतळापाशी अडवून माघारी धाडले. पुढची चार वर्षे त्यांनी संयुक्त राष्ट्रांच्या आवारात आश्रय घेतला आणि सप्टेंबर १९९६ मध्ये तालिबानने त्यांना तिथून ओढून ठार केले. ऑगस्ट २०२१ मध्ये त्याच विमानतळाच्या ॲबी गेटबाहेर, सांडपाण्याच्या कालव्यात उभे राहून, लोक आपली कागदपत्रे उंच धरून सैनिकांना हाका मारत होते, आणि २६ तारखेचा आत्मघातकी स्फोट झाला तो याच गर्दीत.