तुम्ही विचारलंत म्हणून: ऐंशी वर्षांनी हाडं कशाला शोधायची?

"ताई, ऐंशी वर्षं झाली. आता काय सापडणार? आणि त्यावर सरकारनं पैसे का घालायचे?"

दुसऱ्या महायुद्धात बेपत्ता झालेल्या माझ्या आजोबांचा शोध सरकारनं घ्यावा म्हटलं की हा प्रश्न येतो. तो मला लग्नाच्या पंगतीत विचारून झालाय, बँकेच्या रांगेत विचारून झालाय, सख्ख्या भाच्यानंही विचारलाय. दर वेळी हसून विषय बदलते. आता एकदा लिहूनच टाकते, म्हणजे पुढच्याला हे वाचायला देता येईल.

आजोबा मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या चौथ्या बटालियनमध्ये होते. मार्च १९४४ मध्ये मणिपूरमधल्या सांगशाकच्या टेकडीवर त्यांची तुकडी पॅराशूट ब्रिगेडबरोबर जपान्यांच्या वेढ्यात सापडली. खंदक खणायला गेले तर दोन-तीन फुटांवर खडक. पाणी संपत आलेलं. विमानातून टाकलेली रसद बहुतेक जपान्यांकडेच पडायची. २६ मार्चच्या रात्री माघारीचा हुकूम आला आणि ज्यांना उठता येत नव्हतं, त्या जखमींना तिथेच ठेवून बाकीचे इंफाळकडे निघाले. आजोबा निघालेल्यांत होते, राहिलेल्यांत होते, की त्याआधीच गेले होते, हे सांगणारं कुणी परत आलं नाही. घरी आधी तार आली: बेपत्ता. मग कागद आला: बेपत्ता, मृत समजण्यात येत आहे. म्यानमारमध्ये यांगूनजवळ तौक्यानला, ज्यांची कबर किंवा दहनाची जागा माहीत नाही अशा जवळजवळ २७,००० जणांच्या नावांचं स्मारक आहे. त्यांत आजोबांचं नाव आहे.

"नाव आहे ना? मग अजून काय पाहिजे?" हा पुढचा प्रश्न. तो विचारणाऱ्यांना मी जपानचं सांगते.

ज्यांनी सांगशाकला वेढा घातला, त्यांच्या देशानं २०१६ साली कायदा केला की युद्धात परदेशी मेलेल्यांचे अवशेष परत आणणं ही सरकारची जबाबदारी आहे. त्यांची सुमारे २४ लाख माणसं देशाबाहेर मेली, त्यातली ११ लाखांवर अजून परतलेली नाहीत. अमेरिकेचे दुसऱ्या महायुद्धापासूनचे सगळे मिळून ८०,००० च्या वर बेपत्ता आहेत. त्यांच्यासाठी वेगळं खातं आहे आणि वर्षाला निदान २०० जणांची ओळख पटवण्याची क्षमता उभी करा, असं त्यांच्या संसदेनं कायद्यानं सांगितलंय. आसामातून चीनला रसद नेणारी त्यांची विमानं अरुणाचलच्या डोंगरांत पडली होती. तिथे त्यांची पथकं येऊन गेली, काही अवशेष २०१६ साली दिल्लीहून इतमामानं रवाना झाले. या कामासाठी त्यांनी पुढे गांधीनगरच्या राष्ट्रीय न्यायवैद्यक विज्ञान विद्यापीठाशी करार केला. म्हणजे अमेरिकी वैमानिकाची हाडं ओळखायला मदत करणारी संस्था आपल्याच देशात आहे. तिला सांगशाकला जायला व्हिसा लागत नाही.

"त्यांच्याकडे पैसा आहे हो." मान्य. आणि पैसा घातला म्हणजे सगळं चोख होतं असंही नाही. सायबेरियातून जपानी म्हणून आणलेली बरीच हाडं जपान्यांची नव्हतीच, असं जपानचेच तज्ज्ञ वर्षानुवर्षं सांगत होते आणि त्यांचं सरकारी खातं गप्प बसलं होतं. २०१९ साली ते बाहेर आलं.

आणि मी स्वतः? जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवत होते तेव्हा पावसाळ्यात दोन वर्ग एका खोलीत कोंबायचे, कारण दुसऱ्या खोलीचं छप्पर गळायचं. त्या दिवसांत कुणी हाडं शोधायला निधी मागितला असता तर पहिली मीच ओरडले असते: आधी पत्रे द्या. त्या बाईला आज मी चूक ठरवू शकत नाही. तिच्याशी भांडते, एवढंच.

भांडताना तिला साताऱ्याजवळच्या माहुलीची आठवण करून देते.

आम्ही तिघी बहिणी. भाऊ नाही. त्याचा अर्थ असा निघाला की आजोबांना गती मिळालेली नाही, म्हणून वंशाला दिवा नाही. बेपत्ता माणसाची बारा वर्षं वाट पाहावी आणि मग पालाशविधी करावा, म्हणजे पळसाच्या देठांचा माणूस करून त्याला अग्नी द्यावा, असं शास्त्र सांगतं. आमच्याकडे तीस वर्षं झाली होती. आजी तोवर कुणाला दाद देत नव्हती. शेवटी वडिलांनी न विचारता दिवस ठरवला. बायकांनी यायचं नसतं, तरी आजी निघाली आणि मला बोट धरून नेलं. मी सात-आठ वर्षांची असेन.

संगमावर गुरुजींनी दर्भ अंथरले. पळसाच्या पानांचे देठ मोजून ठेवले होते, तीनशे साठ. डोक्याच्या जागी नारळ. मग मान, हात, छाती, पाय असे देठ मांडत गेले, लोकरीच्या धाग्यानं बांधले, वरून जवाचं पीठ लिंपलं. बघता बघता एक माणूस तयार झाला. माझ्या उंचीचा.

आजी लांब उभी होती. ती पुढे आली आणि म्हणाली, "एवढे नव्हते ते. उंच होते."

गुरुजी म्हणाले, "आजी, शास्त्रात देठ तीनशे साठच."

"मग पायाला लांब बघून घ्या."

वडील खाली मान घालून बसलेले, डोक्याचा गोटा केलेला. त्यांनी बापाला कधी पाहिलंच नव्हतं. गुरुजी भला माणूस. त्यांनी बांधलेले पाय सोडले, ढिगातून लांब देठ निवडले आणि पुन्हा बांधले. आजीनं मान हलवल्यावरच अग्नी दिला. वाळलेले देठ ते, धडधडून पेटले, बघता बघता संपलं. वाटेत आजी वडिलांना म्हणाली, "तू जाळलंस. मी नाही." तो विषय तिनं मरेपर्यंत पुन्हा काढला नाही. मुलगाही काही झाला नाही.

आता तुमच्या खर्चाकडे येते. शोधायचा खर्च सरकारनं केला नाही म्हणून तो वाचत नाही. तो घरावर पडतो, आणि घरात बहुतेक वेळा एका बाईवर. हा माणूस मेला असं ठरवायचं काम कागदानं तिच्यावर ढकललं, मग शास्त्रानं ढकललं, मग मुलानं. ती नाही म्हणत राहिली तर हट्टी. मला हे अंदाजपत्रकात मांडता येत नाही, कबूल आहे.

"पण ते तर ब्रिटिशांचे सैनिक!" हो ना. ब्रिटिश म्हणणार भारतीय, भारत म्हणणार ब्रिटिशांचे. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोग (कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन) कबरी आणि स्मारकं सांभाळतो, त्याच्या खर्चात भारताचा वाटा एक टक्क्याच्या आसपास आहे, पण आयोग शोधायला जात नाही. सापडलं तर बघतो. फ्रान्समध्ये रिशबूरजवळ २०१६ साली चर खणताना पहिल्या महायुद्धातले दोन गढवाली असेच सापडले. खांद्यावरच्या बिल्ल्यांमुळे रेजिमेंट कळली, पुढच्या वर्षी लष्करी इतमामानं त्यांना जागा मिळाली. चर खणला नसता तर?

मी डोंगर पोखरा म्हणत नाही. इतक्या जुन्या हाडांतून बहुतेक वेळा हाती लागतो तो आईकडून येणारा डीएनए. मी मुलाची मुलगी, माझा त्याला उपयोग नाही. वडिलांचा वेगळ्या चाचणीसाठी झाला असता, ते गेले. उपयोग आहे तो आजोबांच्या बहिणीच्या मुलीचा. ती कोरेगावला असते, नव्वदीला टेकली आहे. गालाच्या आतून कापसाचा बोळा फिरवायचा, बाकी काही नाही. तो घ्या आणि जपून ठेवा, असा अर्ज मी केला. उत्तर आलं: सदर विषय या कार्यालयाच्या अखत्यारीत येत नाही. कुठल्या कार्यालयाच्या येतो, ते लिहिलेलं नव्हतं.

खासगी लॅबला पैसे भरून नमुना देता येईल. भाचा तेच सुचवतो. पण जुळवायचा कशाशी? तिकडची बाजू, म्हणजे कुठे खणलं, काय निघालं, कुठल्या पेटीत ठेवलं, ही नोंद सरकारशिवाय कुणी ठेवू शकत नाही. तेवढ्यापुरता निधी मागते आहे. तो शाळेच्या पत्र्यांच्या आधी मागावा की नंतर, यावर माझं आणि त्या जुन्या बाईंचं अजून एकमत झालेलं नाही.