अमावास्येचा भाव
एमएस्सी डेटा सायन्सच्या पहिल्या वर्षात सरावाला देतात त्या 'आयरिस' डेटासेटमधली ती १५० फुलं घोटून घोटून पाठ झाली. डेटा कसा, धुतल्या तांदळासारखा! आज प्रॅक्टिकलला मॅडमनी लासलगावच्या कांद्याचे जुने भाव दिले. पांडासने, म्हणजे डेटा हाताळायच्या पायथन लायब्ररीने, ०४/०५ ही ४ मे तारीख मुकाट ५ एप्रिल करून टाकली. ते सापडेपर्यंत तास संपत आला. शिवाय रविवार सोडले तरी महिन्यातून एखादी ओळ रिकामी. मी तिथे सरासरी भाव भरून मोकळी!

संध्याकाळी बाबांना फोनवर सांगितलं, तर हसायलाच लागले.

"अगं, तेव्हा अमावास्येला लिलाव बंद असायचे. बंद बाजारात कसला भाव लावलास?"

कालनिर्णय काढून ताडून पाहिलं. बहुतेक रिकाम्या ओळी अमावास्येच्याच. आता रात्री बसून ते सगळे 'भाव' पुसतेय.