पाहायचे पैसे : आमच्या गॅरेजची वाटचाल

कारंजा लाडहून मंगरूळपीरकडे निघालं की डाव्या हाताला आमचं गॅरेज लागतं. पाटीवर अजूनही वरच्या ओळीत 'ऑइल इंजिन व ट्रॅक्टर दुरुस्ती' असंच आहे. ती बाबांची ओळ, ती पुसायची नाही असं ठरलेलं आहे. खाली 'ऑटोमॅटिक गिअरबॉक्स तपासणी' ही ओळ आम्ही दोघा भावांनी नंतर रंगवून घेतली. पेंटरनं सवयीनं 'दुरुस्ती' लिहून टाकलं होतं. त्याला परत बोलावून 'तपासणी' करून घेतलं, कारण आमचा धंदा खरा त्या एका शब्दावर चालतो.

बाबांच्या काळात काम म्हणजे विहिरीवरची इंजिनं, ट्रॅक्टरचे क्लच, लग्नसराईत वऱ्हाडाच्या जीपा. मी नागपूरला एका वर्कशॉपमध्ये काही वर्षं काढली, धाकट्यानं इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला. २०१४ मध्ये छोट्या गाड्यांत एएमटी आली आणि 'बिनाक्लचच्या गाड्या' आमच्या दारात दिसायला लागल्या. एएमटी काही अवघड प्रकरण नाही. गिअरबॉक्स नेहमीचाच, क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम तेवढं यंत्र करतं. खरं शिक्षण पुढच्या दोन जातींनी दिलं: टॉर्क कन्व्हर्टरवाली, म्हणजे इंजिनची ओढ तेलातून पुढे जाणारी, आणि दुहेरी क्लचवाली, म्हणजे एकाआड एक गिअरांना वेगवेगळा क्लच असलेली. या दोन्ही खेड्यात येतील असं तेव्हा आम्हाला वाटलं नव्हतं.

त्या आल्या समृद्धी महामार्गामुळे. ११ डिसेंबर २०२२ ला नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा सुरू झाला, जून २०२५ मध्ये सगळा ७०१ किलोमीटरचा रस्ता खुला झाला, आणि कारंज्याला त्यावर चढायची-उतरायची सोय आहे. पूर्वी गुरुमंदिराला येणाऱ्या पाहुण्यांच्या साध्या गाड्या यायच्या, आता मधूनच एखादी दोन दारांची, जमिनीला टेकलेली गाडी ट्रकच्या पाठीवर बसून येते. दुसरं गिऱ्हाईक इथलंच आहे. पुण्या-हैदराबादला नोकरी करणारी आमच्याच गावांतली पोरं मुंबईकडून जुन्या स्पोर्ट्स कार घेतात. आठ-दहा वर्षांची गाडी नवीच्या मानानं बरीच स्वस्त मिळते, पण तिचा गिअरबॉक्स काही स्वस्त झालेला नसतो. बिघडला की नव्या गाडीच्या गिअरबॉक्सच्याच भावात पडतो. गावात गाडी पाहायला गर्दी होते ती वेगळीच.

अशा गाडीत काहीही झालं की पहिला निकाल ठरलेला: "गिअरबॉक्स गेला." स्क्रीनवर ट्रान्समिशनचा इशारा आला, गाडी एकाच गिअरमध्ये अडकली, की शहरातून फोनवरच लाखांतला आकडा सांगितला जातो. एका गिअरमध्ये अडकणं म्हणजे बहुतेकदा गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरनं स्वतःला वाचवायला घेतलेला पवित्रा असतो. आतलं काही तुटलंच आहे असा त्याचा अर्थ होत नाही. आमच्या पाहण्यात तर बऱ्याचदा दोष गिअरबॉक्सच्या बाहेर निघतो.

पण हे शोधायला वेळ लागतो, आणि खेड्यात शोधण्याचे पैसे कोणी देत नाही. "पाह्याचेबी पैसे लागतात का भाऊ?" हा प्रश्न आम्ही इतक्यांदा ऐकला की त्यावर उत्तर द्यायचंच सोडलं. बाबाही सुरुवातीला आमच्याच विरोधात होते. त्यांच्या हिशेबात पाना फिरला की मजुरी, नाही फिरला तर चहा.

वाट सापडली ती कागदानं. धाकट्यानं एक छापील तक्ता केला. त्यात बॅटरीचे व्होल्ट, कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड, तेलाचं तापमान, कोणत्या गिअरला किती घसरण, तेलाचा रंग, गिअरबॉक्सच्या तेलाच्या चेंबरमधल्या, लोखंडाचा चुरा धरणाऱ्या चुंबकाचा फोटो, आणि खाली आमचं मत व सही. गाडीवाल्याच्या हातात तो कागद पडला की १५०० रुपये देताना कुरकुर थांबली. दुरुस्ती आमच्याकडेच केली तर ते बिलातून वजा होतात. काहीजण कागद घेऊन सरळ शहर गाठतात. त्याचं आम्हाला वाईट वाटत नाही, उलट तिथल्या माणसाला आमचा कागद दाखवल्यावर आकडा खाली आला, असे फोन येतात.

तपासणीचा क्रम आम्ही सहसा मोडत नाही. आधी बॅटरी. भरलेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास हवी, सेल्फ मारताना ९.६ च्या खाली गेली तर पुढचं सगळं थांबवून आधी तिचंच पाहतो. मग स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधले कोड वाचायचं यंत्र. कोड आधी लिहून घ्यायचे, स्क्रीनचा फोटो काढायचा, पुसायचं काम शेवटी. अनेक मिस्त्री उलटं करतात, पुसून पाहतात की परत येतो का. त्यात कोड कोणत्या तापमानाला, किती वेगाला पडला ही नोंद हातची जाते. पी०७०० दिसला म्हणून घाबरायचं काही नाही. तो फक्त एवढंच सांगतो की गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरमध्ये काहीतरी नोंदलेलं आहे, तिथे जाऊन वाचा. पी०७३० म्हणजे गिअरचं गुणोत्तर जुळत नाही. पी०७४१ म्हणजे टॉर्क कन्व्हर्टरचा लॉक-अप क्लच, वेग धरल्यावर त्याच्या दोन्ही बाजू जोडणारा, नीट धरत नाही.

गुणोत्तराचं गणित शाळेतलंच आहे. गिअरबॉक्समध्ये जाणाऱ्या शाफ्टचे फेरे आणि बाहेर पडणाऱ्या शाफ्टचे फेरे स्कॅनरवर चालत्या गाडीत दिसतात. झेडएफ या गिअरबॉक्स बनवणाऱ्या कंपनीच्या आठ गिअरवाल्या बॉक्समध्ये सहावा गिअर १:१ आहे. सहाव्यात दोन्ही आकडे सारखे दिसले पाहिजेत. आत २००० आणि बाहेर १८५० दिसले, तर आतले क्लच घसरताहेत, मग कागदावर तसं लिहायचं आणि आशा लावायची नाही. आकडे सारखे आले तर गिअरबॉक्स खोलायची घाई करणाऱ्याला आम्ही हात लावू देत नाही.

गेल्या वर्षीची एक गाडी सांगतो. मालक हैदराबादला, गाडी पावसाळाभर गावच्या शेडात उभी. शेजारी कापूस, भाव येईपर्यंत राखून ठेवलेला. दिवाळीत पोरानं गाडी काढली तर रस्त्यात मधूनच इशारा यायचा, ओढ सुटायची, बंद करून सुरू केली की पुन्हा ठीक. फोनवर त्याला गिअरबॉक्सच्या आतला कॉम्प्युटर बदला असं सांगितलं गेलं होतं. आमच्याकडे दोन कोड निघाले: व्होल्टेज कमी, आणि यू०१०१, म्हणजे गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरशी बोलणं तुटलं. तेल लाल-तपकिरी, जळका वास नाही.

इंजिन चालू, एसी आणि हेडलाइट चालू. मीटरची एक सुई बॅटरीच्या प्लसला, दुसरी गिअरबॉक्सच्या प्लगवर जाणाऱ्या करंटच्या वायरला. मध्ये किती व्होल्ट गळतात ते पाहायचं. धाकटा वर मीटर धरून, मी खाली खड्ड्यात. वायरिंगचा पट्टा मी वीतवीतभर हलवत सरकत होतो आणि तो वरून ओरडत होता, "पॉइंट एक... पॉइंट एक... पॉइंट एक..." गाडीच्या तळाला गिअरबॉक्ससाठी जो बोगदा असतो त्याच्या वळणाला, जिथे टेप सैल वाटली, तिथे हात लावला आणि वरून आवाज आला, "दोन! दादा, दोनच्या वर गेला!" टेप सोडली. आत वायरीचं प्लास्टिक कुरतडलेलं, तांब्याचे दोन-तीन धागेच शिल्लक आणि तेही हिरवे पडलेले. बाजूला कापसाचा बोंडाएवढा गोळा. उंदरांनी घर केलं होतं. वायरचा नवा तुकडा डाग देऊन जोडला, वरून स्लीव्ह चढवली, शेजारच्या वायरी तपासल्या, आणि मालकाला एकच सांगितलं: कापूस विका नाहीतर गाडी हलवा.

थरथरीच्या तक्रारी जास्त फसव्या. ६०-७० च्या वेगाला, पाय हलका ठेवला की गाडी खडबडीत रस्त्यावर चालल्यासारखी थरथरते. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये इंजिनला जोडलेला पंखा तेल फेकतो आणि समोरचा त्यानं फिरतो, वेग धरला की लॉक-अप क्लच दोघांना जोडतो. तो क्लच धरू-सोडू लागला तरी थरथर, आणि इंजिनचा एखादा सिलिंडर चुकला तरी हुबेहूब तशीच थरथर. आम्ही काय करतो, थरथर चालू असताना डाव्या पायानं ब्रेकला नुसता स्पर्श करतो. ब्रेकचा दिवा लागला की लॉक-अप सुटतो. तेवढ्यानं थरथर थांबली तर संशय लॉक-अपवर. नाही थांबली तर प्लग, कॉइल आणि स्कॅनरमधली मिसफायरची, म्हणजे सिलिंडर किती वेळा चुकला याची, मोजणी. रिकाम्या रस्त्यावर, मागे कोणी नसतानाच हे करायचं. चारही चाकं ओढणारी एक गाडी आली होती तिचं यातलं काहीच नव्हतं. पुढचे दोन टायर नवे, मागचे घासलेले, गोलाईतला फरक ट्रान्सफर केसला, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ओढ वाटणाऱ्या पेटीला, सोसेना. चारही टायर सारखे टाकल्यावर गाडी शांत झाली. तिच्या मालकानं त्याआधी दोनदा गिअर ऑइल बदलून घेतलं होतं.

तेलाचं सांगायचं तर या बॉक्सना डिपस्टिक नसते. गाडी अगदी सपाट, इंजिन चालू, सगळे गिअर एकदा फिरवून घ्यायचे, आणि भरायच्या तोंडातून तेल बारीक ओघळायला लागलं की पातळी झाली. पण हे तेल ३० ते ५० अंशांत असतानाच करायचं असतं. थंड देशांत हे सहज जमत असेल. आमच्याकडे मे महिन्यात दुपारी सावलीतच ४५, उभ्या गाडीचं तेल तिथेच चाळिशीच्या पुढे, इंजिन सुरू केलं की बघता बघता हद्द ओलांडतं. गरम तेल फुगतं, तोंडातून जास्त बाहेर येतं, आणि थंड झाल्यावर बॉक्समध्ये कमी पडतं. म्हणून उन्हाळ्यात हे काम आम्ही पहाटे सहाला करतो, गाडी आदल्या संध्याकाळीच लिफ्टवर चढवून ठेवतो. सपाटी गवंड्याच्या पाणी भरलेल्या नळीनं पाहतो. शहरातले काही पाहुणे हसले होते, त्यांना डिजिटल लेव्हल लावून दाखवली.

'हे तेल आयुष्यभराचं' असं काही गाड्यांच्या पुस्तकात असतं. गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ स्वतः वापरानुसार ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरला बदला म्हणते. आम्ही गिअरबॉक्सवाल्याचं ऐकतो. चुंबकावर करडं, मऊ लोण्यासारखं काही असेल तर ती नेहमीची झीज. नखात टोचेल असे चकाकते तुकडे असतील तर मात्र तेल बदलून काही होणार नाही.

समृद्धीवर १२० नं पळवल्यानं गिअरबॉक्स तापतो, हा इथला लाडका समज. वेगात लॉक-अप लागलेला असतो, तेल घुसळलं जात नाही, तापमान ८०-९० अंशांच्या आसपास राहतं. तापतो तो गावातल्या मिरवणुकीमागे, बाजाराच्या गर्दीत, इंच-इंच सरकताना. कोरड्या, म्हणजे तेलात न बुडालेल्या, दुहेरी क्लचच्या गाड्यांना तर हे सरकणंच मारतं. ट्रॅफिकमध्ये पुढे थोडी जागा होऊ द्या, मग एकदाच गाडी पुढे घ्या.

दुहेरी क्लचचं आतलं काम आम्ही करत नाही. तपासून, कागद देऊन पुण्याला पाठवतो. त्याची खास हत्यारं आणि धूळ नसलेली खोली आमच्याकडे नाही, आणि सोयाबीनच्या मळणीत तर आमच्या टेबलावर बोटानं नाव लिहिता येतं. टॉर्क कन्व्हर्टरवाल्याचं तेल, फिल्टर, चेंबर, सील, वायरिंग इथे होतं. व्हॉल्व्ह बॉडी, म्हणजे तेलाचा दाब हव्या त्या क्लचकडे वळवणारा भाग, काढून देतो, ती नागपूरला तपासून येते.

गाडी आणताना एवढं पाळा. ट्रॅक्टरला दोर बांधून टोचन करू नका. इंजिन बंद असताना गिअरबॉक्सचा तेलपंप फिरत नाही, मागची चाकं मात्र आतले भाग कोरडेच फिरवत राहतात. ट्रकवर चढवूनच आणा. स्पीडब्रेकरवर खालून आपटली असेल आणि जमिनीवर तेल दिसत असेल तर एकदाही सुरू करू नका, त्या तेलाच्या डागाचा फोटो पाठवा. इशारा आला तेव्हा वेग किती होता, गाडी किती वेळ चालली होती, ऊन होतं की पाऊस, हे आठवत असेल तर येण्याआधी लिहून ठेवा. गाडी कुठे उभी असते तेही सांगा. बाबा आता कामाला हात लावत नाहीत, पण हा शेवटचा प्रश्न तेच विचारतात.