मिलिग्रॅम प्रति लिटर, पण कशाचे?

शेतात टाकलेलं नत्र (नायट्रोजन) आणि स्फुरद (फॉस्फरस) पावसाच्या पाण्याबरोबर नदीत किती उतरतं, याचं मॉडेल मला उभं करायचं होतं. ते झालं. पण त्याबद्दल लिहायला बसले की मॉडेल राहतं बाजूला आणि डोळ्यांपुढे येतो तो एक्सेलमधला एक कॉलम. मथळा एवढाच: ‘नायट्रेट, मि.ग्रॅ./लि.’

मॉडेल ‘स्वॅट’. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या संशोधन विभागात १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला तयार झालेलं, फुकट मिळणारं, आणि इतक्या लोकांनी वापरलेलं की तुमच्या अडचणीवर आधीच कुणीतरी डोकं आपटलेलं असतं. उंचीचा नकाशा, मातीचा नकाशा, जमिनीचा वापर, रोजचा पाऊस, तापमान हे सगळं घातलं, पाणलोटाचे तुकडे पाडले, नदीच्या प्रवाहाचं कॅलिब्रेशन केलं, म्हणजे मॉडेलचे गुणांक बदलत त्याचं उत्तर मोजलेल्या प्रवाहाशी जुळवलं. यात सांगण्यासारखं काही घडलं नाही. सुरुवातीची दोन-तीन वर्षं वॉर्म-अप म्हणून सोडा, त्यांचे आकडे वापरू नका. आणि क्रम पाळा: आधी प्रवाह, मग गाळ, मग नत्र-स्फुरद. पाणीच जुळत नसेल तर त्यात विरघळलेलं काय जुळणार?

प्रवाह जुळला, गाळ बऱ्यापैकी जुळला. नत्राकडे वळले आणि तिथे सगळं अडलं.

नदीच्या पाण्याची तपासणी करणाऱ्या एका कार्यालयाकडून मोजमापं मिळाली होती. मॉडेलचं उत्तर येतं ते नत्राच्या किलोंत, म्हणजे नायट्रेटमधल्या फक्त नायट्रोजनचं वजन. प्रयोगशाळा मात्र दोन प्रकारे लिहू शकते: अख्ख्या नायट्रेट आयनचं (एक नायट्रोजन आणि तीन ऑक्सिजन मिळून झालेल्या विद्युतभारित कणाचं) वजन किंवा त्यातल्या नायट्रोजनचं. आयनचं वजन ६२, नायट्रोजनचं १४. भागिले तर ४.४३. म्हणजे मथळ्यात दोन शब्द कमी लिहिले की नदीतलं नत्र चौपटीहून जास्त किंवा चौपटीहून कमी. पिण्याच्या पाण्याच्या मर्यादा बघा: जागतिक आरोग्य संघटना ५० मि.ग्रॅ./लि. म्हणते, अमेरिका १०. अमेरिका पाचपट कडक आहे असं वाटतं. तसं काही नाही. ५० हे नायट्रेटचे आहेत आणि १० नायट्रोजनचे. दोन्ही जवळजवळ एकच.

मी कार्यालयाला साधा प्रश्न पाठवला: हे आकडे नायट्रेट म्हणून आहेत की नायट्रोजन म्हणून? उत्तर आलं, ‘आकडे मि.ग्रॅ./लि. मध्ये आहेत.’ पुन्हा विचारलं, उदाहरणासकट. या वेळी तीच फाइल पुन्हा जोडून आली. फोनवर सांगण्यात आलं की माहिती देणारा विभाग वेगळा आणि तपासणारा वेगळा. तपासणाऱ्यांनी सांगितलं, आम्ही बाहेरच्यांशी बोलत नाही, अर्ज माहिती विभागाकडे करा. अर्जाच्या नमुन्यात ‘कोणती माहिती हवी’ यासाठी यादीतून निवड करायची होती आणि यादीत ‘एकक’ नव्हतं. मी ‘इतर’ निवडलं. ‘इतर’ निवडलेले अर्ज कुठे जातात हे त्या कार्यालयातही कुणाला ठाऊक नसावं.

या काळात ‘तू चालव तर पुढे, कॅलिब्रेशनमध्ये जुळून येईल’ असा सल्ला मला एकाहून अधिक जणांनी दिला. यासारखा घातक सल्ला नाही. जुळून येतं, हेच तर दुखणं आहे! ऑटो-कॅलिब्रेशनला चुकीचा आकडा दिला तर ते तक्रार करत नाही. विनाइट्रीकरणाचा (मातीतलं नायट्रेट वायू होऊन उडून जाण्याचा) वेग वाढव किंवा जवळजवळ शून्यावर आण, पृष्ठभागावरून किती नायट्रेट जावं आणि किती खाली झिरपावं याचा गुणांक टोकाला ने, असं करत करत ते आलेख जुळवून देतं. प्रत्यक्षात त्या मातीत तसं काही होत नसतं. आणि मग त्याच मॉडेलला तुम्ही विचारता, ‘खत वीस टक्के कमी केलं तर?’ त्या उत्तराला काडीची किंमत नाही.

मॉडेल पास की नापास ठरवणाऱ्या मान्यताप्राप्त निकषांवरही विसंबू नका. २००७ पासून सर्रास वापरले जाणारे निकष मासिक नत्र-स्फुरदासाठी सरासरी ७० टक्क्यांपर्यंतची तफावत चालवून घेतात. नायट्रेटचे आकडे नायट्रोजनचे समजून घेतले, तर अगदी बिनचूक मॉडेलसुद्धा ७७ टक्के कमी दाखवतं आणि नापास होतं. पण मुळात दीडपट दाखवणारं मॉडेल त्याच घोळात पास होतं. खराब मॉडेल पास, चांगलं नापास.

शेवटी कार्यालयाचा नाद सोडून आकड्यांनाच बोलतं केलं. काही नमुन्यांत एकूण नायट्रोजनही मोजलेलं होतं. नायट्रेटमधलं नायट्रोजन एकूण नायट्रोजनपेक्षा जास्त असूच शकत नाही. जुन्या नमुन्यांत मात्र नायट्रेटचा आकडा एकूणपेक्षा सर्रास मोठा. म्हणजे तिथे तो आयनचा आकडा. नव्या नमुन्यांत असं एकदाही नव्हतं. मग आयनांचा ताळेबंद मांडला: कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम, पोटॅशियम एका बाजूला, बायकार्बोनेट, क्लोराइड, सल्फेट, नायट्रेट दुसऱ्या बाजूला. पाण्यात धन आणि ऋण विद्युतभार सारखे असावे लागतात. नायट्रेटचा १० हा आकडा आयनचा धरला तर लिटरमागे ०.१६ मिलिसममूल्य (विद्युतभार मोजायचं एकक), नायट्रोजनचा धरला तर ०.७१. नायट्रेट कमी असलेल्या पाण्यात हा फरक मोजणीच्या चुकीत बुडून जातो, म्हणून जास्त नायट्रेटचे नमुने निवडून घ्या. जुनी वर्षं एका प्रकारे जुळली, नवी दुसऱ्या.

म्हणजे मधेच पद्धत बदलली होती आणि मथळा तोच राहिला होता. आलेखावर त्या जागी नायट्रेट धाडकन खाली येतं. कुणी नुसता आलेख पाहिला तर शेतकऱ्यांनी एका वर्षात नदी स्वच्छ केली म्हणून सत्कार करेल.

हे सगळं मांडून तक्ता पाठवल्यावर मात्र प्रयोगशाळेतल्या एकांचा थेट फोन आला. नवीन यंत्र आलं तेव्हा निकालाचा साचा बदलला, म्हणाले. त्यांना हे पहिल्यापासून माहीत होतं. विचारलंच नव्हतं कुणी. मी हसले, पण फोन ठेवल्यावर बराच वेळ चिडलेली होते. तेव्हा माझं ऐका: ‘एकक काय?’ असं विचारू नका. ‘आम्ही हे असं धरतोय, चूक असेल तर कळवा’ असं तक्त्यासह लिहा. प्रश्नाला कुणी उत्तर देत नाही, चूक दाखवायला मात्र लोक धावत येतात.

आकडे सुधारल्यावर नायट्रेट पहिल्या काही रनमध्येच रांगेला लागलं, तेही कोणताही गुणांक टोकाला न नेता. कोरड्या महिन्यांतही नदीत नायट्रेट टिकून राहतं ते भूजलातून येत असतं, हेही तेव्हा नीट दिसलं.

आता राहून गेलेलं. मोजमापावरून रोजचा भार, म्हणजे नदीतून दिवसाला किती किलो वाहून गेलं ते, काढताना मि.ग्रॅ./लि. गुणिले घनमीटर प्रति सेकंद गुणिले ८६.४ केलं की किलो प्रति दिवस मिळतात. हे भिंतीवर चिकटवून ठेवा. यंत्राच्या मोजमाप-मर्यादेखालचे निकाल फाइलमध्ये कधी शून्य, कधी रिकामे असतात. ते वेगळे काढा. खताच्या गोणीवरचं स्फुरद हे पेंटॉक्साइडच्या रूपात असतं, मॉडेलला मूलद्रव्य लागतं, म्हणून ०.४३६ ने गुणा. १८:४६ च्या डीएपी खतात (१८ टक्के नत्र, ४६ टक्के पेंटॉक्साइड) स्फुरद साधारण २० टक्केच भरतं. ते ४६ घातलं की शेतं कागदावर दुपटीहून जास्त खत खातात.

स्फुरदाचं गणित माझं नायट्रेटइतकं चांगलं बसलं नाही. ते बहुतांशी मातीच्या कणांना चिकटून जातं आणि वर्षाच्या भारातला मोठा वाटा मोजक्या मोठ्या पुरांत वाहून जातो. महिन्यातून एकदा, कार्यालयीन वेळेत, उघडीप बघून घेतलेल्या नमुन्यात तो पूर सापडणार कसा? म्हणून अहवालात स्फुरदाचा एक आकडा न देता मी पट्टा दिला, बराच रुंद. आणि फॉस्फेटच्या कॉलमचा मथळाही ‘मि.ग्रॅ./लि.’ एवढाच आहे. तिथे ४.४३ ऐवजी भाजक ३.०७.