तेलाची बाटली

पौष वद्य दशमीची पहाट. नाशिकच्या त्र्यंबक रोडवर आयटीआय सिग्नलच्या अलीकडे मी उभी होते. खांद्याला पिशवी, पिशवीत बाबांची तेलाची बाटली. थंडी अशी की बोलताना तोंडातून वाफ निघत होती.

याच जागी बाबा पंचवीस वर्षं बसले. एक लाकडी बाक, गरम पाण्याची बादली, जुन्या धोतराचे पंचे आणि कापूर घालून कोमट केलेलं खोबरेल. निवृत्तीनाथांच्या यात्रेच्या दिंड्या आल्या की एकेकाला बाकावर बसवायचं, पाय धुवायचे, पुसायचे, टाचेपासून वर तेल चोळायचं. मग "निघा माऊली" म्हणायचं आणि पुढच्याला हात करायचा. स्वतः मात्र ते त्र्यंबकपर्यंत कधी चालले नाहीत. "मी गेलो तर इथं कोण बसणार?" म्हणायचे. गेल्या मे महिन्यात ते गेले. यंदा मी ठरवलं, त्यांचं राहिलेलं चालून यायचं.

बाबा शरणपूरचे, आमच्या मंडळीचे वडील. मराठी बायबलमध्ये मंडळीच्या पुढाऱ्यांना 'वडील' हाच शब्द आहे. त्यामुळे लहानपणी मला वाटायचं, माझे बाबा अख्ख्या चर्चचे बाबा आहेत. ते फारसं चूकही नव्हतं. कुणाच्या घरी पगार झाला नाही, कुणाचा मुलगा रुसून निघून गेला, कुणाला रात्री दवाखान्यात न्यायचंय, आमचंच दार वाजायचं. सप्टेंबर २००८ मध्ये गोदेला पूर आला तेव्हा काठावरची काही कुटुंबं चर्चच्या हॉलमध्ये राहायला आली. बाबा चार दिवस घरी आलेच नाहीत. आई डबे पाठवायची आणि ते डबेही ते वाटून टाकायचे.

वारकऱ्यांची सेवा मंडळीतल्या सगळ्यांना रुचली नव्हती. एका वार्षिक सभेत कुणीतरी उठून विचारलं, "हे आपलं काम आहे का?" बाबांनी योहानाचा तेरावा अध्याय उघडला. येशू कमरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतो, तेवढा भाग वाचला आणि खाली बसले. तेलाचा खर्च मंडळीच्या वहीत त्यांनी कधीच टाकला नाही. तो त्यांच्या खिशातल्या डायरीत असायचा.

उजाडताना निफाडकडची दिंडी आली. गळ्यातला क्रूस ओढणीखाली घ्यावा का, असं क्षणभर मनात आलं. नाही घेतला. विणेकऱ्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा क्रूसाकडे, आणि म्हणाले, "तेलवाल्या बाबांची लेक ना? चला माऊली, बायांच्या रांगेत चला." मला बोलताच येईना. ज्यांनी बाबांना वर्षातून फार तर पाच मिनिटं पाहिलं, त्यांना बाबा नाहीत हे रिकाम्या जागेवरूनच कळलं होतं.

नाशिक ते त्र्यंबक साधारण २८ किलोमीटर. एसटीने तासाभरात उरकणारा रस्ता. पायी निघालं की पपया नर्सरीपर्यंतच पिंढऱ्या बोलायला लागतात. बेळगाव ढगा, महिरावणी, खंबाळे... 'निवृत्ती ज्ञानदेव सोपान मुक्ताबाई' या ठेक्यावर पाऊल आपोआप पडतं. आमच्या चर्चमध्येही भजनाला पेटी-तबला आणि टाळ असतात, त्यामुळे हात लगेच जुळले. शब्द मात्र शेजारच्या आजींनी शिकवले.

चालताना बाबांची आवडती गोष्ट आठवत होती. शरणपूर ही चर्च मिशनरी सोसायटीने एकोणिसाव्या शतकात वसवलेली वस्ती. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकी मुलं तिथे राहिली, शिकली, हातात कसब घेऊन मोठी झाली. त्यातलाच एक जेकब वेनराइट. १८७३ मध्ये स्कॉटिश मिशनरी आणि शोधप्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन आफ्रिकेत वारले तेव्हा त्यांचा देह समुद्रापर्यंत वाहून नेणाऱ्यांत तो होता. कित्येक महिने चालत, जंगलातून, आजारपणातून. पुढे तो त्या देहाबरोबर थेट लंडनला गेला आणि एप्रिल १८७४ मध्ये वेस्टमिन्स्टर ॲबीत दफन झालं. "आपल्या शरणपूरच्या पोराने नेलं," हे सांगताना बाबांचा ऊर भरून यायचा. मी लहानपणी विचारायचे, त्याचे पाय दुखले नसतील का? बाबा हसायचे नाहीत. "खूप दुखले असतील गं," म्हणायचे.

दुपारी डाव्या हाताला अंजनेरी आला. पिठलं-भाकरीच्या पंगतीत आजींनी निवृत्तीनाथांचं सांगितलं. आईबाप गेले, गावाने वाळीत टाकलेलं. थोरल्याने धाकट्यांना सांभाळलं, ज्ञानदेवांचा तो गुरू झाला. आणि ज्ञानदेव, सोपान, मुक्ताई सगळी पुढे गेल्यावर सर्वांत शेवटी तो गेला. "थोरल्याला धाकट्यांची पाठवणी करावी लागली बघ," आजी म्हणाल्या. मला २०२१ चा एप्रिल आठवला. कोरोनात आमच्या दफनभूमीत बाबा रोज उभे असायचे. ज्यांचे बाप्तिस्मे त्यांच्या डोळ्यांदेखत झाले होते, त्या पोरांना मूठमाती देताना. घरी येऊन न बोलता हात धुवत बसायचे, खूप वेळ.

संध्याकाळी ब्रह्मगिरी अंगावर आल्यासारखा दिसला आणि त्र्यंबकच्या अलीकडे दिंडी विसाव्याला थांबली. एका मुलाच्या टाचेला भेग पडून रक्त येत होतं. मी बाटली काढली. पाणी कुणीतरी आणून दिलं. बाबा कसे करायचे ते हातांना ठाऊक होतं: आधी धुवायचं, मग टिपायचं, जखमेला तेल लागू द्यायचं नाही, बाजूने चोळायचं. त्याच्यामागे आणखी पाचसहा जण येऊन बसले. बाटली संपली तेव्हा अंधार पडला होता.

समाधी मंदिराच्या रांगेत मी उभी राहिले नाही. लांबूनच कळसाला हात जोडले. दुसऱ्या दिवशी एकादशी. आजींनी निघताना भगरीचा डबा हातात दिला आणि बजावलं, "पुढल्या साली दोन बाटल्या आण. आन् बाक पण मांड. त्या जागी बसल्याबिगर आमचं पाऊल पुढं जात न्हाई."

एसटीतून परतताना आयटीआयच्या सिग्नलला उतरले. बाक आमच्या माळ्यावर आहे, एक पाय हलतो. सुताराला सांगितलंय.