तुम्ही विचारलंत म्हणून : अनोळखी माणसासाठी मरण

मी ख्रिस्ती आहे हे ठाऊक असलेले स्नेही, विशेषतः गुड फ्रायडेच्या सुमारास, एक प्रश्न मनापासून विचारतात : दुसऱ्यासाठी प्राण देणे ही तुम्ही प्रेमाची पराकाष्ठा मानता, पण अशा मरणाने नेमके साधते काय? उत्तर देताना मी फादर माक्सिमिलियन कोल्बे यांच्याविषयी सांगतो, कारण त्यांच्या बाबतीत हा प्रश्न सर्वांत अवघड होतो.

कोल्बे हे पोलंडमधील फ्रान्सिस्कन धर्मगुरू. वॉर्साजवळ 1927 मध्ये त्यांनी मठ आणि मोठा छापखाना उभारला. तेथील प्रकाशनांतून ज्यूविरोधी मजकूरही प्रसिद्ध झाला होता, आणि त्यांचा गौरव करताना ते झाकून ठेवणे मला पटत नाही; दुसरे महायुद्ध सुरू झाल्यावर त्याच मठाने शेकडो ज्यू निर्वासितांना आसरा दिला, हेही तितकेच खरे आहे. फेब्रुवारी 1941 मध्ये जर्मनांनी त्यांना अटक केली आणि मेअखेर आऊश्विट्झच्या नाझी छळछावणीत पाठवले.

जुलैच्या अखेरीस त्यांच्या बराकीतील एक कैदी नाहीसा झाला, तेव्हा छावणीचा उपप्रमुख कार्ल फ्रिट्श याने उरलेल्यांना जरब बसावी म्हणून दहा जणांना उपाशी ठेवून मारण्यासाठी निवडले. त्यांतील फ्रान्सिशेक गायोव्हनिचेक हा पोलिश सैनिक बायकोमुलांसाठी आक्रोश करू लागला, आणि 47 वर्षांचे कोल्बे रांगेतून पुढे आले. आपण कॅथलिक धर्मगुरू आहोत, आपल्यामागे कुटुंब नाही, या माणसाऐवजी आपल्याला घ्यावे, अशी विनंती त्यांनी केली. ती मान्य झाली. ज्या तळघरात त्या दहा जणांना कोंडले होते, तेथे दुभाष्याचे काम करणाऱ्या कैद्याने पुढे साक्ष दिली की, आतून प्रार्थना आणि भक्तिगीते ऐकू येत असत. सुमारे दोन आठवड्यांनी चौघे जिवंत उरले होते; 14 ऑगस्टला त्यांना कार्बोलिक ॲसिडचे इंजेक्शन देऊन मारण्यात आले. कोल्बे त्या चौघांत होते.

गायोव्हनिचेक वाचला आणि 1995 पर्यंत जगला. युद्धानंतर त्याला पत्नी भेटली, मात्र ज्या दोन मुलांसाठी तो रडला होता, ती 1945 च्या सोव्हिएत बॉम्बहल्ल्यात मरण पावली होती. मग साधले काय? फलनिष्पत्तीच्या हिशेबाने पाहिले, तर कोल्बे यांचा त्याग निम्मा वाया गेला असे म्हणावे लागेल, आणि नेमका तो हिशेबच ख्रिस्ती श्रद्धेला मान्य नाही. बायबलमध्ये प्रेषित पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात म्हटले आहे की, चांगल्या माणसासाठी मरायला कोणी कदाचित धजेल, पण ख्रिस्त आपल्यासाठी मरण पावला तो आपण पापी असतानाच. ज्याच्यासाठी प्राण द्यायचा त्याची पात्रता आधी तपासलेली नाही, आणि त्या दानाचे तो पुढे काय करील याची हमीही मागितलेली नाही. कोल्बे यांनी समोरच्या माणसाला त्या दिवशी मरणातून सोडवले. तेवढे प्रेम मला पूर्ण वाटते.

कोल्बे यांना हुतात्मा म्हणावे की नाही, यावर चर्चमध्ये मतभेद होते, कारण त्यांचा जीव श्रद्धेच्या द्वेषापोटी घेतला गेला हे सरळ सिद्ध होत नव्हते. पोप दुसरे जॉन पॉल यांनी 10 ऑक्टोबर 1982 रोजी त्यांना संतपद देताना हुतात्मा असेच घोषित केले. हा निर्णय मला योग्य वाटतो, कारण माणसाला नुसता आकडा बनवणाऱ्या त्या छावणीत दुसऱ्या कैद्याच्या जिवाला स्वतःच्या जिवाहून अधिक मोल देणे, ही श्रद्धेचीच साक्ष होती.

एक गोष्ट मात्र मी प्रत्येक वेळी आग्रहाने सांगतो. आपला प्राण कोणी आपल्यापासून हिरावून घेत नाही, आपण तो आपण होऊन देतो, असे प्रभू येशू योहानाच्या शुभवर्तमानात सांगतो, आणि कोल्बे यांनाही रांगेतून कोणी पुढे ढकलले नव्हते. त्यामुळे नवऱ्याचा मार सोसणाऱ्या बाईला ‘हा तुझा क्रूस आहे, तो वाहा’ असे कोणी धर्माच्या नावाने सांगितले, तर त्याचा या प्रेमाशी काहीही संबंध नाही, आणि तिला त्या घरातून बाहेर पडायला मदत करणे हेच तेथे ख्रिस्ती माणसाचे काम आहे.